तुम्ही विचारलेत म्हणून

"नर्मदा परिक्रमेला एकट्या निघताना तुम्हाला भीती वाटली नाही का?" हा प्रश्न मला अंबाजोगाईत किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, इतकेच नव्हे तर दवाखान्यात रक्तदाब मोजून घेतानाही विचारला गेला आहे. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे त्या घनदाट जंगलात, काय झाले एवढे ऐकून झाले की सगळे फिरून भीतीवरच येतात. आजवर मी "मैयाने", म्हणजे नर्मदामाईने, "नेले" असे सांगून सुटका करून घेतली. ते उत्तर खोटे नाही, परंतु ज्यांना स्वतःला निघायचे आहे त्यांच्या ते काहीच उपयोगाचे नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

भीती वाटली. 2022 च्या नोव्हेंबरात मी निघाले ती माझी दुसरी वेळ होती. पहिली वेळ 2018 ची, आणि ती अकोल्याच्या फलाटावर संपली.

त्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली, शाळेने शाल आणि नारळ दिला, एका विद्यार्थ्याने तर पायांवर डोके ठेवले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. भीतीच्या वेळी शरीर पोटाकडचे रक्त हातापायांकडे वळवते, म्हणून भूक मरते, हे मी सातवी-आठवीच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या ज्ञानाचा मला कवडीचाही उपयोग झाला नाही. परळीहून सुटलेली गाडी पूर्णा, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याला पोचेपर्यंत मी तीन वेळा शौचालयात जाऊन आले होते. हे लिहायला संकोच वाटतो, पण तुम्हाला खरे हवे आहे ना?

परिक्रमा ओंकारेश्वरहून सुरू करायची, म्हणून खंडवा गाठायचे होते, पण तिकडची मीटरगेज गाडी बंद झाल्यापासून अकोल्याला उतरून भुसावळमार्गे जाणारी दुसरी गाडी धरावी लागे, आणि तिला चार तास अवकाश होता. मी सिमेंटच्या बाकावर बसले. पिशवीच्या साखळीला बांधलेली लाल नाडी मी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. किती वेळा, ते आठवत नाही, पण तिचे टोक उसवून त्याचा झुपका झाला होता. मनात नर्मदा नव्हतीच. रात्री अनोळखी गावात कोणी दार उघडले नाही तर, पाय मुरगळला तर, नर्मदेच्या मुखाशी परिक्रमावासींना पलीकडे नेणारी, पाळण्यासारखी हलणारी ती समुद्रातली नाव उलटली तर, असे एकेक येत होते, आणि जे अंतर चालायला चार-पाच महिने लागतात ते सगळे एकदम त्या बाकावर येऊन बसले होते.

चहावाल्याने कप हातात देत सहज विचारले, "कुठं निघाल्या मावशी?"

मी म्हणाले, "परभणीला. लेकीकडे."

कोणताही निर्णय झालेला नव्हता. माझे मलाच ते वाक्य बाहेर पडल्यावर कळले. तो म्हणाला, "मंग इथं काऊन बसल्या? परभणीची गाडी तिकडच्या फलाटावर लागते," आणि मी काही बोलण्याआधीच माझी पिशवी उचलून पुलाकडे चालू लागला. मी त्याच्यामागे गेले. पूल चढताना जो सुटल्याचा आनंद झाला, त्याची लाज मला पुढे चार वर्षे पुरली.

लेकीकडे आठ दिवस राहिले. सत्काराचा नारळ तिच्या ओट्यावर फोडून त्याची चटणी केली. गल्लीत परतल्यावर ताप आल्याचे सांगितले. ज्यांनी त्या तापाची विचारपूस केली, त्यांची मी येथे क्षमा मागते.

त्या बाईवर, म्हणजे माझ्यावरच, मी बराच काळ चिडून होते. आता तिची बाजूही घ्यावीशी वाटते. तिचे वजन बावन्न किलो आणि पाठीवरची पिशवी अकरा किलोची होती. तीत दोन विजेऱ्या, लोखंडी तवा आणि शेंगदाण्याची चटणी भरलेला स्टीलचा डबा होता. ते ओझे घेऊन ती ओंकारेश्वरहून निघाल्यावर लागणाऱ्या मोरटक्का गावापर्यंतही धड पोचली नसती. मग परत येणे हे शहाणपण होते की काय? तसे म्हणावे तर तो पुलावरचा आनंद आड येतो. पिशवीचे वजन तेव्हा माझ्या मनातही नव्हते.

2019 मध्ये लेकीचे बाळंतपण होते. 2020 मध्ये टाळेबंदी आली, आणि घरोघरी चिंता असताना मला आतून हायसे वाटले, हेही कबूल करते.

दुसऱ्या वेळी काय वेगळे केले, असे विचाराल तर सांगण्यासारखे थोडेच आहे. पिशवी साडेपाच किलोवर आणली. ती पाठीवर घेऊन रोज पहाटे मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत गेले, आणि तीन वेळा परळीपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर चालून वैजनाथाचे दर्शन घेऊन एस. टी. ने परत आले. लेकीखेरीज कोणाला सांगितले नाही, त्यामुळे ओटी नाही, शाल नाही. मनाला मोरटक्क्यापलीकडे जाऊ द्यायचे नाही, असे ठरवले. ओंकारेश्वरहून ते बाराएक किलोमीटर, म्हणजे परळीच्या निम्मे. दीर्घ श्वासाच्या उपदेशाचा मला राग येत असे, पण श्वास सावकाश सोडल्याने हातांची थरथर थोडी कमी होते, हे मान्य करावे लागेल. पोट मात्र तसेच बिघडले. ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावर संकल्प सोडतानाही ओंजळीतले पाणी हलत होते.

वाटेत अकोल्याला पुन्हा थांबावे लागले. मी मुद्दाम त्याच बाकावर बसले आणि चहा घेतला. चहावाला दुसरा होता. तो काहीतरी विचारील म्हणून मी कप रिकामा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले, पण त्याने पैसे घेतले आणि पुढच्या डब्याकडे निघून गेला. त्याने विचारले असते तर माझ्या तोंडून काय आले असते, ते मला आजही खात्रीने सांगता येत नाही.