‘मी फक्त सही केली’

सरकारी ऑफिसात सव्वीस वर्षं काढली मी, त्यामुळे ‘वरून आदेश आहे’ हे वाक्य कानात मुरलंय अगदी. म्हणूनच असेल, मोरिस पापों या फ्रेंच अधिकाऱ्याबद्दल वाचायला घेतलं आणि दोन रात्री नीट झोप नाही लागली. हिटलरबद्दल वाचताना असं होत नाही, तो फार लांबचा वाटतो. पापों लांबचा नाही वाटत. तो टेबलामागचा माणूस.

१९४२ मधे हा ३१ वर्षांचा हुशार अधिकारी बोर्दोच्या प्रीफेक्चरमधे, म्हणजे आपल्या कलेक्टर ऑफिससारख्या ठिकाणी, सेक्रेटरी जनरल म्हणून आला. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पण कारभार फ्रेंच माणसंच हाकत होती, आणि ज्यूंचे विषय याच्या अखत्यारीत. अटकेचे कागद, पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीपर्यंत न्यायची व्यवस्था, सोबतचा पोलीस बंदोबस्त, सगळं रीतसर फाईलवर. दोन वर्षांत बोर्दोहून साधारण १६०० ज्यू असे गेले, म्हातारी माणसं होती, लहान पोरं होती, आणि द्राँसीहून पुढे बहुतेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेलं.

आणि युद्धानंतर? प्रमोशन! १९५८ मधे पॅरिसचा पोलीस प्रमुख. १७ ऑक्टोबर १९६१ ला त्याच्याच पोलिसांनी अल्जेरियन मोर्चेकऱ्यांना मारलं, कितीतरी जणांना सेन नदीत फेकलं. १९७८ मधे तर बजेट खात्याचा मंत्री. १९८१ च्या मे महिन्यात एका साप्ताहिकाने बोर्दोची जुनी कागदपत्रं छापली, त्यावर याची सही, तेव्हा कुठे प्रकरण उघडं पडलं, आणि खटला उभा राहायला १९९७ उजाडलं. रने बुस्के, विशी सरकारच्या, म्हणजे जर्मनांशी जुळवून घेऊन कारभार करणाऱ्या तेव्हाच्या फ्रेंच सरकारच्या पोलिसांचा मुख्य, त्याचं तर तेवढंही झालं नाही. १९४९ ला नावापुरती शिक्षा झाली, तीही लगेच माफ, मग बँकेतली मोठी नोकरी, आणि १९९३ मधे नवा खटला सुरू होण्याआधीच कुणीतरी त्याला घरी येऊन गोळी घातली. त्याला कोर्टात उभं करून विचारायचं होतं ते राहूनच गेलं. मला याची फार हळहळ वाटते.

कारण बुस्केच्याच पोलिसांनी १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमधे १३,१५२ ज्यू पकडले. त्यात ४,११५ मुलं. कुटुंबंच्या कुटुंबं वेल दीव नावाच्या सायकल रेसच्या स्टेडियममधे कोंडली, ऐन उन्हाळ्यात, पाणी जवळजवळ नाहीच. जर्मनांनी सुरुवातीला मुलं मागितली नव्हती, मुलांनाही न्या असं फ्रेंच पंतप्रधान लाव्हालनेच सुचवलं. पुढे छावण्यांमधे आयांना आधी पाठवलं आणि लहान पोरं मागे राहिली. हे मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

पापों कोर्टात म्हणत राहिला, माझ्या हातात काही नव्हतं, उलट मी यादीतली नावं कमी केली. मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. त्याच जुलैमधे नाँसी शहरात परदेशी नागरिकांचं खातं सांभाळणारा एदुआर व्हिन्येरों आणि त्याचा सहकारी पिएर मारी, दोघंही साधे पोलीस अधिकारी, पापोंपेक्षा कितीतरी खालच्या हुद्द्यावरचे. उद्या धरपकड आहे असं कळल्यावर त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी घरोघरी निरोप पोचवले, पळायला कागद करून दिले. साडेतीनशेच्या वर माणसं वाचली. तोच युनिफॉर्म, तोच आदेश, यादीही त्यांच्याच कपाटात होती.

१९९८ मधे पापोंला दहा वर्षांची शिक्षा झाली. बेकायदा अटक आणि कैद यात साथ दिली म्हणून दोषी, खुनातल्या सहभागातून सुटला. २००२ मधे तब्येतीच्या कारणाने बाहेरही आला. पण त्याच वर्षी एप्रिलमधे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जो निकाल दिला तो माझ्या डोक्यातून जात नाही: पीडितांच्या भरपाईची निम्मी रक्कम पापोंने द्यायची, निम्मी सरकारने. म्हणजे माणूसही सुटला नाही आणि खातंही सुटलं नाही. आमच्याकडे चूक झाली की एकतर खालच्या क्लार्कवर ढकलतात नाहीतर ‘सिस्टिमच तशी’ म्हणून सगळेच मोकळे होतात. मी स्वतः एका अतिक्रमण हटाव कारवाईत झोपड्यांची यादी टाईप केली होती, दुसऱ्या दिवशी त्यातली एक आजी ऑफिसात आली आणि माझ्याच टेबलापाशी उभी राहिली, मी म्हटलं ‘आजी, माझ्या हातात काही नाही’. दोन्हीची तुलना करतच नाहीये, करूही नये. पण ते वाक्य माझ्याही तोंडून गेलंय.

फ्रान्सला ही निम्मी वाटणी मान्य करायला अर्धं शतक लागलं. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ शेवटपर्यंत म्हणत राहिले की विशी म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, माफी कसली मागायची. ज्याक शिराक यांनी १६ जुलै १९९५ ला पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष म्हणून सांगितलं की या गुन्ह्याला फ्रेंच राज्याने साथ दिली. त्याआधीचा काळ कसा होता, तर १९५६ साली छळछावण्यांवरच्या एका माहितीपटात एक फोटो होता, फ्रान्समधलीच छावणी, तिच्यावर नजर ठेवून उभा असलेला पहारेकरी, आणि त्याच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसांची ती गोल ‘केपी’ टोपी. सेन्सॉरने अडवलं. मग त्या फोटोवर एक आडवी तुळई रंगवली, बरोब्बर टोपी झाकली जाईल अशी. आता नव्या प्रिंटमधे ती तुळई काढून टाकली आहे. मी तिथे पॉज करून बघितलं, टोपी स्पष्ट दिसते.