लाईनचे पेट्रोलिंग यंत्राकडे गेल्यावर

कोल्हापूर, शनिवार रात्र

वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आज ऑटो रिक्लोजर शिकवला. 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, उघड्या तारांवरचे बहुतेक बिघाड क्षणिक असतात. फांदी घासते, पक्षी सापडतो, वाऱ्याने तारा एकमेकींना लागतात आणि सुटतात. अशा वेळी रिक्लोजर पुरवठा तोडतो, थोडे थांबून पुन्हा जोडतो आणि बिघाड कायम असेल तरच लाईन बंद ठेवतो. जेथे तो नाही, तेथे उपकेंद्रातला ऑपरेटर फिडर, म्हणजे तेथून निघणारी लाईन, पुन्हा चालू करून पाहतो आणि तो टिकला नाही, तर लाईनमन बॅटरी घेऊन निघतो. हे ऐकून मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग आमचं काय काम?" तास संपत आल्यामुळे उत्तर अर्धेच राहिले, म्हणून ते येथे नीट लिहून काढतो.

काही कामे जाणार, हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. स्मार्ट मीटर स्वतःच रीडिंग पाठवतो आणि थकबाकीदाराचा पुरवठा कार्यालयात बसून तोडता-जोडता येतो. तेव्हा घरोघर रीडिंग घेणाऱ्या मुलांची रोजी सर्वांत आधी जाईल. त्यानंतर पाळी येईल ती पेट्रोलिंगची, म्हणजे लाईनीखालून चालत जाऊन बिघाड शोधण्याची. खांबावर बसवलेला फॉल्ट पॅसेज इंडिकेटर बिघाडाचा प्रवाह कुठपर्यंत गेला ते दाखवतो. ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांतून तडा गेलेला इन्सुलेटर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली निवडून काढते आणि सैल झालेला जंपर, म्हणजे तारा जोडणारा छोटा तुकडा, तापू लागला की थर्मल कॅमेऱ्यात तो वेगळा दिसतो.

करवीर-शिरोळच्या शिवारात पेट्रोलिंग करणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पावसाळ्यात डोक्यावर गेलेल्या उसात शिरायचे, पाल्याने हात-तोंड कापून घ्यायचे, चिखलात बूट रुतलेला असताना वरच्या इन्सुलेटरच्या डिस्क न्याहाळायच्या आणि सापाचीही धास्ती बाळगायची. राधानगरी-गगनबावड्याकडे रात्री गव्यांचा कळप वाटेत उभा असतो. हे काम ड्रोनने केले, तर मला आनंदच होईल. त्यात मोठेपण शोधावे असे मला कधीच वाटले नाही.

खांबावर चढण्याचे काम मात्र इतक्यात जाणार नाही. जपानमध्ये बकेट लावलेल्या गाडीवरून चालू लाईनवर काम करणारे यंत्रमानव फार पूर्वीपासून वापरात आहेत, परंतु त्या गाडीला उभे राहायला रस्ता लागतो. आपल्याकडे अर्ध्या डीपी, म्हणजे खांबांवरचे ट्रान्सफॉर्मर, उसाच्या बांधावर आहेत आणि पेठांतल्या बोळांतून रिक्षासुद्धा जपून न्यावी लागते. शिवाय आपल्याला महापूर माहीत आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे आकडे येथल्या लहान मुलालाही पाठ असतात. 2019 आणि 2021 साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, तेव्हा खांब कलले, डीपी बुडाल्या आणि उपकेंद्रांतही पाणी शिरले. पुरवठा पूर्ववत करायला माणसेच नावेतून गेली.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. नवा विद्युत सहाय्यक लाईन शिकतो ती जुन्या प्रधान तंत्रज्ञाच्या मागे पेट्रोलिंगला चालूनच. खांबावरच्या, हाताने उघडायच्या कोणत्या एबी स्विचची एक पात पूर्ण उघडत नाही, कोणत्या वस्तीवर दुसऱ्या फिडरची तार वरून ओलांडते, कोणाच्या गिरणीला जनरेटर आहे आणि त्याची वीज लाईनीत जाऊ न देणारा चेंजओव्हर स्विच नाही, हे सारे तो चालता चालता ऐकतो. चालणेच संपले, तर हे ज्ञान त्याला कोण देणार? आणि ते नसेल, तर जीव जातो. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ब्रेकर, म्हणजे पुरवठा तोडणारा मोठा स्विच, उघडा दिसला, म्हणून ज्या तारेला हात लावायचा ती निर्जीव झाली, असे होत नाही. जनरेटरवरून उलटा आलेला पुरवठा पडद्यावर दिसेलच असे नाही. म्हणून परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात आल्यावरही एबी स्विच स्वतः उघडून कुलूप लावायचे, तारेत वीज नाही ना ते डिटेक्टरने तपासायचे, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने अर्थिंग करायचे, म्हणजे तारा जमिनीशी जोडायच्या, आणि मगच सुरक्षेचा झुला बांधून वर चढायचे. दूरवरून ब्रेकर चालवण्याची सोय जितकी वाढेल, तितकी या पायऱ्या गाळण्याची घाई वाढेल, अशी मला भीती वाटते.

एका विद्यार्थ्याचे वडील परवा भेटले होते. "पोराला ह्या लाईनीला ठेवू, का काढू?" असे त्यांनी थेट विचारले. ठेवा, असे मी सांगितले, पण रीडिंग, बिलवाटप असल्या तात्पुरत्या कामावर त्याला अडकू देऊ नका, हेही सांगितले. बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारा रिले, केबल जोडणी आणि सौर इन्व्हर्टर ही कामे त्याला आली पाहिजेत. ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र तर दहावी उत्तीर्ण आणि 18 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला घेता येते. मग लाईन ओळखणाऱ्या मुलाच्याच हातात तो ड्रोन का असू नये? बाहेरून आलेला चालक छायाचित्रे काढून निघून जाईल आणि आपला मुलगा नुसता शिडी धरून उभा राहील, हे मला मान्य नाही. कंत्राटी कामगारांबद्दल तर अधिकच वाटते, कारण यंत्र आले की कपात त्यांच्यापासून सुरू होते आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचे नाव शेवटी येते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

सोमवारी मुलांना संस्थेमागच्या लाईनीखालून चालायला नेणार आहे. प्रत्येकाने दिसलेले दोष खांब क्रमांकासह वहीत लिहायचे. त्याच लाईनीची ड्रोनने काढलेली छायाचित्रे मिळवण्यासाठी अर्ज करतो आहे. ती आली की यंत्राने दाखवलेले दोष आणि मुलांनी लिहिलेले दोष फळ्यावर शेजारी शेजारी मांडू आणि कोणाच्या नजरेतून काय सुटले ते एकेका खांबावर थांबून पाहू.