उसाचं बिल आणि मेलबर्नचा टॅक्स

वाळव्याकडची अडीच एकर आजोबांच्या वाटणीतून माझ्या नावावर आली, त्यामुळं उसाचं बिल माझ्याच खात्यावर पडतं. परवा फोनवर म्हटलं, "अण्णा, कारखान्याच्या पावत्यांचे फोटो पाठवा, इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचंय." पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "शेतीला टॅक्स असतोय व्हय कुठं? शिकून पार येडा झालास तू."

त्यांचंही खरंच आहे. भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त. पण करासाठी तुम्ही ऑस्ट्रेलियाचे रहिवासी ठरलात की जगात कुठंही कमावलेलं इथं दाखवावं लागतं. तिकडं ते माफ आहे का, हे इथं कुणी विचारत नाही. एनआरई एफडीचंही, म्हणजे परदेशातली कमाई भारतातल्या बँकेत ठेवतात त्या ठेवीचंही, तेच. बँकेत 'व्याज टॅक्स फ्री' म्हणतात ते भारतापुरतं. एनआरओच्या, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या भारतातल्या कमाईच्या खात्याच्या, व्याजावर एरवी 30 टक्के आणि वर सेस कापतात, पण दोन देशांतल्या 1991 च्या करारात व्याजावर 15 टक्क्यांची मर्यादा आहे आणि इथं क्रेडिट, म्हणजे तिकडं भरलेल्या कराची इथल्या करातून सूट, मिळतं ते तेवढ्याचंच. म्हणून इथले रहिवासी असल्याचा दाखला तिकडच्या बँकेत वेळेत द्या. उसावर तिकडं काही भरलेलंच नसतं, मग क्रेडिट कशाचं घेणार?

व्हिसा तात्पुरता असतो तोवर बहुतेकांना परदेशातल्या व्याजा-भाड्याची ही कटकट नसते. ती पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर सुरू होते. पेढे वाटताना हे कुणी सांगत नाही!

शेतीचा खर्च मात्र वजा होतो. लागण, खत, पाणीपट्टी सगळं. म्हणून अण्णांची वही मागवली, तर त्यात 'खत 14 पोती' एवढंच. रक्कम नाही, तारीख नाही. शिवाय इथलं वर्ष 1 जुलै ते 30 जून, त्यामुळं मार्च एंडचा तयार हिशोब कामाला येत नाही. पावत्या तारखेनुसार आपणच लावायच्या.

पहिल्या वर्षी मी 2 जुलैलाच रिटर्न भरून मोकळा झालो होतो. बँकेचं व्याज तोवर सिस्टीममध्ये आलंच नव्हतं, मग दुरुस्ती करत बसलो. पगार, व्याज, आरोग्य विमा हे बहुतेक आकडे जुलैअखेर मायटॅक्समध्ये, म्हणजे इथल्या सरकारच्या ऑनलाइन रिटर्नमध्ये, आपोआप येतात. तोवर थांबा. स्वतः भरणार असाल तर मुदत 31 ऑक्टोबर, एजंटमार्फत भरणार असाल तर त्या तारखेच्या आत त्याच्याकडं नाव नोंदवा.

घरून काम केलं तर 2024-25 पासून तासाला 70 सेंट वजावट मिळते, पण तासांची नोंद हवी, अंदाज चालत नाही. मी सांगलीहून आणलेल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाच्या जागी तास लिहितो. दूध इथं कॅनमध्ये येतं, जागा रिकामीच असते. असली कागदपत्रं पाच वर्षं ठेवायची, म्हणून 2022 चं कॅलेंडरही अजून कपाटात आहे.

मिरजेचा एक मित्र इथं डबे पुरवतो, हाताखाली दोन माणसं. त्याचा जुलै माझ्यापेक्षा घाईचा. कामगारांच्या पगाराचा वर्षाचा हिशोब 14 जुलैपर्यंत ऑनलाइन पक्का करायचा, नाहीतर त्या बिचाऱ्यांचं रिटर्न अडतं. वर 'सुपर', म्हणजे आपल्या पीएफसारखं, पण 12 टक्के सगळे मालकाच्या खिशातून. आजवर ते तिमाहीला भरलं तरी चालायचं. 1 जुलै 2026 पासून पगार झाल्यावर कामाच्या सात दिवसांत ते फंडात पोचायला हवं. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या उसाच्या बिलालाबी कायद्यानं 14 दिवसच हाईत की." पुढचं बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

काल रात्री पावत्यांचे फोटो आले. पाच. तीन सरळ, दोन आडवे, आणि सगळ्यात मोठ्या बिलावर अण्णांचा अंगठा, नेमका रकमेवर. परत मागवलाय.