हाय बीपी असूनही उठताना अंधारी का येते?

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्यामुळे लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न हमखास येतो : ‘मॅडम, मला तर हाय बीपी. मग उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय-पोटाच्या शिरांत उतरतं आणि दाब घसरतो. त्याचा सुगावा लागतो मानेत. जबड्याच्या कोनाखाली मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो, तिथे तिची भिंत जराशी फुगीर असते. त्या भिंतीत संवेदी मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही तशीच. त्यांना कळतो तो भिंतीचा ताण. ताण वाढला की मेंदूच्या तळाशी संदेश भराभर जातात, कमी झाला की विरळ होतात. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं, की इथे धोक्याची खूण म्हणजे संदेशांची शांतता! ती जाणवताच एक-दोन ठोक्यांत हृदय जलद होतं, मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

महाधमनीकडून येणारी ही नस, म्हणजे मज्जातंतू, सियॉन आणि लुडविग या शास्त्रज्ञांनी १८६६ साली सशात शोधली. पण ताण ओळखणारी प्रथिनं, पिएझो-१ आणि पिएझो-२, उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१८मध्ये पुढे आली. दोन्ही काढली, तर ही यंत्रणाच बंद पडते.

आता तुमचं हाय बीपी. दाब महिनोन्‌महिने चढा राहिला, तर या नसा त्या चढ्या दाबालाच नेहमीचा समजू लागतात. वयानं धमन्या ताठरल्या की भिंत नीट ताणलीच जात नाही. मधुमेह नसांनाच इजा करतो. काही गोळ्यांनी भर पडते. म्हणून दाब बसल्यावर जास्त आणि उठल्यावर कमी, असं एकाच माणसात होऊ शकतं.

माझ्या आईला मधुमेह आहे. एकदा पहाटे बाथरूमला जाताना ती पडली, मनगट मोडलं. तोवर तिचं बीपी खुर्चीत बसवूनच मोजलं जायचं, घरी मीसुद्धा तसंच मोजायचे. नंतर झोपवून मोजलं तर वरचा आकडा १४६, उभं केल्यावर तिसऱ्या मिनिटाला ११२. तीन मिनिटांत वरचा २०नं किंवा खालचा १०नं उतरला, तरी डॉक्टरांना सांगायला हवं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. उभं करून मोजा, असं त्यांना जरूर म्हणा.

आई आता पलंगाच्या कडेला बसते, पावलं दहा-बारा वेळा वरखाली करते आणि मग उठते.