टर्बोची हवा कुठून निसटते ते शोधायला घरचं बूच – माझा अनुभव

तुमच्या टर्बो डिझेल गाडीला पी0299 कोड आलाय आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी टर्बो बदलायचं कोटेशन हातात ठेवलंय, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. मला 48,000 चं कोटेशन मिळालं होतं. गाडी 1.3 लिटरची डिझेल हॅचबॅक, जुनी पण नीट सांभाळलेली. साखरप्याकडून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला पण ओढेना, मागं काळा धूर, आणि पाय दाबला की बॉनेटखालून सुस्स असा आवाज. त्यांनी स्कॅनर लावला, कोड वाचला, टर्बो गेलाय म्हणाले. पाईपांना प्रेशर देऊन तपासलं का विचारलं तर ॲडव्हायझर म्हणतो, "सर, व्हिज्युअल चेक केलंय, सगळं ओके आहे." या एका वाक्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

कारण त्या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनच्या ईसीयूनं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरनं) जेवढं बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचं प्रेशर, मागितलं तेवढं त्याला मिळालं नाही. का मिळालं नाही ते कोड सांगत नाही. टर्बो हवा दाबतो, ती इंटरकूलरमधून गार होऊन इंजिनात जाते, मधे रबरी पाईप, क्लिपा, जॉइंट असतात, यातलं एक जरी फाटलं तरी हवा बाहेर जाणार. फिल्टरपाशी बसलेल्या एअर फ्लो सेन्सरनं ती हवा आधीच मोजलेली असते, त्या हिशोबानं डिझेल पडतं, आणि तेवढी हवा आत पोचतच नाही म्हणून ते नीट जळत नाही, म्हणून काळा धूर. टर्बोच गेला असेल तर बहुतेक वेळा निळा धूर, ऑइल कमी होणं, शाफ्टला (टर्बोच्या दांड्याला) प्ले म्हणजे ढिलेपणा असं काहीतरी दिसतं. मी गार इंजिनवर पाईप काढून टर्बोचं चाक बोटानं हलवून बघितलं. बाजूला किंचित हलतं तेवढं चालतं, आत-बाहेर अजिबात हलत नव्हतं, पाती पण कुठं घासलेली नव्हती. मग 48,000 कशाचे द्यायचे?

तपासायची पद्धत साधी आहे. इंजिन बंद आणि गार असताना फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडं जाणारा पाईप सोडवायचा, त्याच्या तोंडात बूच बसवायचं, बुचाला टायरचा व्हॉल्व्ह लावून त्यातून हवा भरायची आणि ती कुठून बाहेर येते ते कानानं नि साबणाच्या पाण्यानं शोधायचं. बाकी सगळं सोपं गेलं, त्या बुचानं मात्र जीव काढला.

माझ्या पाईपचं आतलं माप व्हर्निअरनं 52 मिलिमीटर आलं. सगळे सांगतात पीव्हीसीची एंड कॅप (पाईपच्या टोकाचं झाकण) घ्या, भोक पाडा, व्हॉल्व्ह बसवा. अहो पण आपल्याकडं पीव्हीसी पाईप मिळतो 40, 50, 63, 75 असा, आणि ते माप बाहेरचं. 50 चा तुकडा माझ्या रबरी पाईपात सैल, आणि 50 ची एंड कॅप पाईपच्या वरून बसते म्हणून तिचं बाहेरचं माप जास्त, ती आत जाईना. हार्डवेअरच्या दुकानात रबरी पाईप घेऊन गेलो तर काउंटरवरच्या पोरानं विचारलं बोअरचं आहे का टाकीचं. गाडीचं म्हणल्यावर स्पेअर पार्टच्या दुकानात जा म्हणाला. स्पेअर पार्टवाला म्हणाला हे हार्डवेअरमध्येच मिळणार. एकानं सुचवलं, 50 च्या तुकड्याला सायकलची ट्यूब गुंडाळा आणि क्लिप आवळा. ते अर्ध्या किलो प्रेशरलाच (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) सरकायला लागतं. का ते सांगतो, 52 मिलिमीटरच्या बुचावर एक किलो प्रेशर दिलं की त्याला बाहेर ढकलणारा जोर जवळपास 21 किलोचा असतो, गुंडाळलेली ट्यूब ते काय धरणार. आणि खरं सांगायचं तर हवेच्या प्रेशरला पीव्हीसी वापरूच नये, फुटला तर धारदार तुकडे उडतात आणि आपलं तोंड नेमकं त्याच्यासमोर असतं.

मग म्हणलं, कोल्हापुरात राहतो, शिवाजी उद्यमनगर हाताशी आहे, ऑइल इंजिनचे पार्ट बनवून मोठी झालेली ही जागा, तिथं लेथवर एक बूच करून मिळणार नाही होय? तिथं गेलो तर नवीनच त्रास. एक नग म्हणल्यावर कुणी वर बघेना. शंभर नग असतील तर बोला. एक जण तयार झाला, "उद्या या" म्हणाला. गेलो तर मशीनवर दुसरं काम चढलेलं, परत गेलो तर लाइट नाही, नंतर कारागीर गावाला. फोन केला की "झालंच बघा साहेब, सेटिंग लावतोय". करायचं नसेल तर नाही म्हणून सांगावं ना, माणूस दुसरीकडं तरी जातो. गाडी दारात उघडी पडलेली, टर्बोच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, रोज ऑफिसला दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून जायचं आणि इकडं सेटिंग लागतंय. (पाईप काढला की टर्बोचं तोंड लगेच कापडानं नाहीतर पिशवीनं बांधा बरं का, आत खडा किंवा नट गेला तर मग खरंच टर्बो बदलावा लागेल.)

शेवटी आतल्या गल्लीत एका वयस्कर टर्नरमामांनी काम हातात घेतलं. मी कागदावर मापं टाकून चित्र काढून नेलं होतं, त्यांनी ते बघितलं आणि बाजूला ठेवलं. "चित्र असूदे, पाईप आणा की ओ." पाईप पिशवीतच होता. त्यांनी अंगठ्यानं रबर दाबून बघितलं, आतून बोट फिरवलं, म्हणाले साडेबावन्न करू, रबर आहे, ताणून बसूदे. नायलॉनचा रॉड शेजारच्याच दुकानात वजनावर मिळाला. चकात धरून पहिला कट घेतला तशी नायलॉनची पांढरी चिप लांबच्या लांब निघून चकाभोवती गुंडाळायला लागली, मामा दर थोड्या वेळानं मशीन थांबवून आकड्यानं ती ओढून काढायचे आणि परत बोटानं माप चाचपायचे, मग व्हर्निअर लावायचे.

दोन गोष्टींवर मी अडून बसलो आणि तुम्ही पण बसा. एक म्हणजे आत जाणाऱ्या टोकाला एक मिलिमीटरची उंच कडा. मामा म्हणत होते साधं गुळगुळीत ठेवा, बसेल घट्ट. पण क्लिप त्या कडेच्या मागं आवळली तरच बूच प्रेशरला निसटत नाही. दुसरं म्हणजे जाडी. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह चाकाच्या पत्र्यासाठी असतो, त्याची खाच तीन-चार मिलिमीटरचीच. 40 मिलिमीटर जाड नायलॉनच्या गोळ्यात भोक पाडून तो बसूच शकत नाही, हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. म्हणून बूच आतून बोअर मारून पोकळ करायचं, समोरची भिंत 4 मिलिमीटर ठेवायची आणि तिला मधोमध 11.5 चं भोक, कडा घासून मऊ करायच्या नाहीतर व्हॉल्व्हचं रबर कापतं. एवढी खटपट नको असेल तर नटवाला पितळी व्हॉल्व्ह घ्या, तो जाड भिंतीला पण चालतो. बाहेरच्या बाजूला मामांनी स्वतःहून 58 ची अजून एक पायरी काढून दिली, दुसऱ्या गाडीला उपयोगी पडंल म्हणून. रॉडचे 180 आणि मजुरी 250. ते बूच हातात घेतल्यावर जो आनंद झाला तो गाडी घेतल्यावर झाला होता तेवढाच होता, यात काही वाढवून सांगत नाही.

व्हॉल्व्ह पंक्चरवाल्याकडं मिळाला, साबणाचं पाणी लावून पकडीनं ओढला की टक्कन बसतो. त्याच्याकडूनच पिन काढायची चावी पण घ्या. व्हॉल्व्हमधली पिन काढून टाकली की हवा जोरात जाते, आणि ते लागतंच, कारण इंजिन म्हणजे काही बंद डबा नाही, सिलिंडरचा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा असतो, थोडी हवा पिस्टन रिंगांमधून पण जाते. माझ्या 12 व्होल्टच्या टायर इन्फ्लेटरनं काटा जागचा हलला नाही. ओळखीच्या पेंटरचा कॉम्प्रेसर आणला, पण रेग्युलेटर असलेलाच आणा, टाकीतलं सात-आठ किलो प्रेशर सरळ आत सोडलं तर काय फुटेल सांगता येत नाही. पाव किलोपासून सुरू करायचं आणि एक किलोच्या वर जायचं नाही. डोळ्याला गॉगल, आणि बुचाला दोरीनं बांधून ठेवायचं.

हवा द्यायच्या आधी ब्रीदर. इंजिनच्या वरून एक नळी या एअर पाईपला येऊन मिळते, ती सोडवून पाईपकडचं तोंड रबरी टोपी आणि क्लिप लावून बंद करा. नाहीतर हवा सरळ क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) भरते आणि ऑइल सीलची वाट लागते.

अर्ध्या किलोपर्यंत तसं काहीच नव्हतं, सायलेन्सरमधून बारीक आवाज येत होता. तो कधीकधी एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम थोडे उघडे असल्यामुळं येतो. हवा सोडायची, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून वीतभर पुढं ढकलायची, परत हवा द्यायची. माझा आवाज त्यानं थांबला. नाही थांबला तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते बघा. मग पाऊण किलोला खालून, बंपरच्या डाव्या बाजूनं सुस्स सुरू झालं. पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवलं की जागा बरोबर कळते. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायला झोपलो तर त्याच्या स्क्रूंवर जुना चिखल तसाच वाळून बसलेला. म्हणजे व्हिज्युअल चेक करणाऱ्यानं कव्हर उघडलंच नव्हतं.

टर्बोकडून इंटरकूलरला येणारा पाईप, त्याचं खालचं टोक, क्लिपच्या लगेच मागं, वळणाच्या आतल्या बाजूला. साबणाचं पाणी मारलं तर फेसाचा गोळाच वर आला. हवा सोडली की चीर मिटायची, बोट फिरवून पण लागत नव्हती, फक्त भोवती ऑइलचा काळा चिकट डाग. हवा दिली की बोटाच्या पेराएवढी उघडायची. पाईपात धूर सोडून लीक शोधायच्या साध्या मशीननं पण ही बहुतेक सापडली नसती, त्यात प्रेशर फारच कमी असतं. नवीन पाईप 1,900 ला मिळाला, सोबत क्लिपा पण नवीन टाकल्या, कोड क्लिअर केला. त्याच आंबा घाटात गाडी तिसऱ्यात पळाली, चौथा पण घेतला, धूर नाही, आवाज नाही. ते 48,000 माझ्याकडंच आहेत.

अजून एक राहिलं, पाईप बसवल्यावर परत एकदा प्रेशर द्या, एक लीक बंद झाली की दुसरी बारीक लीक तेव्हाच ऐकू येते. माझ्या इंटरकूलरच्या वरच्या जॉइंटची क्लिप तशी सापडली. आणि पेट्रोल टर्बोवाल्यांनी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) लक्षात ठेवा, ती जवळपास बंद असते, तिच्या पुढचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाईप) तपासायचा तर थ्रॉटल उघडं धरायला लागतं. क्रँककेसकडं जाणाऱ्या नळ्या पेट्रोलला दोन ठिकाणी असू शकतात, दोन्ही बघा. बूच काढायच्या आधी हवा पूर्ण सोडून काटा शून्यावर आलेला बघायचा आणि मगच क्लिपला स्क्रू ड्रायव्हर लावायचा.