माळेगावच्या यात्रेत एका पायावर

उदगीरकडच्या एका मामांनी त्यांच्या देवणी वळूचे फोटो काढायला मला माळेगावला बोलावलं. मामा नात्यातले नव्हेत. वयानं मोठं गिऱ्हाईक असलं की आमच्या लातुरात ते मामाच होतं. वळू पशुप्रदर्शनात उतरणार होता आणि पुढं चौकशी करणाऱ्यांना मोबाईलवर पाठवता येतील असे फोटो त्यांना पाहिजे होते. लग्नाच्या फोटोंची एक तारीख मित्राला देऊन मी गेलो. माळेगावचं बोलावणं कोण सोडतो?

माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात. खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे ऐन थंडीत. घोडे, उंट, गाढवं, खेचरं, लालकंधारी आणि देवणी गुरं. माळावर दावणीमागून दावणी. त्यातून माणसं, टेम्पो, उसाचा रस, हलगी आणि भंडारा उधळणारी पोरं वाट काढत असतात. असल्या ठिकाणी मी ट्रायपॉड नेत नाही. त्याचे तीन पाय पसरले की कुणी ना कुणी त्यात अडखळतंच, आणि उचलून दुसरीकडं मांडेपर्यंत समोरचं जनावर पाठ फिरवतं. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचं एका पायाचं स्टँड, मात्र दरवेळी सोबत असतो. चार टप्प्यांत मिटणारी एक नळी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, एसटीत मांडीवर आडवी ठेवली तरी शेजारचा कुरकुरत नाही.

आत शिरताना बंदोबस्तावरच्या हवालदारांनी अडवलं.

"हे काय हाय?"

"कॅमेऱ्याचं स्टँड, साहेब."

"मग दोन पाय कुटं गेले?"

हसून सोडलं त्यांनी. पण प्रश्न बरोबर होता. ते दोन पाय माझेच असतात. मोनोपॉडचं टोक अंगाच्या पुढं रोवायचं, आपले पाय खांद्याइतके फाकवायचे आणि नळी किंचित स्वतःकडं कलती ठेवायची. कपाळ कॅमेऱ्याला टेकवायचं, डाव्या हातानं लेन्स वरून हलकेच दाबायची. पुष्कळजण नळी सरळ उभी करतात आणि तिला धरून उभे राहतात. मग सगळं पुढं-मागं डुलत राहतं, आणि मोनोपॉडचा काही उपयोग नाही असं सांगत फिरतात.

मामांचा वळू वानेरा होता. देवणीत तीन प्रकार मानतात: सगळा पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा, आणि अंग पांढरं पण तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. फोटोवाल्याला वानेरा सगळ्यात अवघड. तोंडाचा काळा रंग दिसावा म्हणून उजेड वाढवला की पाठ पांढरीफट्ट होते, पाठ सांभाळली की डोळे काळ्यात बुडतात. म्हणून सकाळी ऊन तिरपं असतानाच काढायचं ठरवलं होतं. पण मामांनी वळवाला नटवून उभा केलेला. शिंगांना शेंब्या, गळ्यात घुंगरमाळ आणि पाठीवर भरजरी झूल.

"मामा, झूल काढा."

"कामून? नवी हाय. यात्रेसाठीच शिवलीय."

"झुलीखाली वशिंड दिसना. घेणारा वशिंड बघंल, झूल नाही."

पटलं नाही त्यांना. शेवटी आधी झुलीसकट काढायचे, मग उघड्या अंगाचे, असं ठरलं. झुलीचे फोटो पाच मिनिटांत झाले, कारण त्यात मामा स्वतः कासरा धरून उभे होते आणि वळू त्यांच्यापुढं शहाण्यासारखा वागत होता. खरं काम पुढंच होतं.

जनावराचा आडवा फोटो माणसाच्या फोटोपेक्षा कडक नियमांचा असतो. कॅमेरा वळवाच्या पोटाच्या उंचीवर पाहिजे. उभ्या माणसाच्या डोळ्यातून काढला की पाय आखूड दिसतात आणि चांगल्या जनावराचं मोल उगाच उतरतं. जवळून काढला तर डोकं मोठं, मागचा भाग लहान. म्हणून लांब जाऊन, लांबचं जवळ आणणाऱ्या २०० मिमी लेन्सनं काढायचा. चारही पाय वेगळे दिसले पाहिजेत, मानेखालची पोळी मोकळी लोंबली पाहिजे, शेपूटगोंडा दिसला पाहिजे, कान पुढं पाहिजेत. एवढं सगळं जुळून यायला वाट बघावी लागते, आणि ती गुडघ्यावर बसून.

इथं मोनोपॉडचं खरं मोल कळतं. लेन्स आणि बॉडी मिळून सव्वादोन-अडीच किलो. ते डोळ्याला लावून नुसतं धरलं तर थोड्याच वेळात दंड भरून येतात, माणूस कॅमेरा खाली घेतो, आणि नेमका तेव्हाच वळू कान टवकारतो. नळीचे दोन टप्पे आत सारून मी तिची उंची गुडघ्यावर बसल्यावर डोळ्याला येईल इतकी केली. वजन जमिनीवर गेलं. आता नुसता बघत बसलो तरी चालणार होतं.

गडी कासरा ढिला सोडून उभा होता. वळवानं एक पाय पुढं घेतला, मागं घेतला, रवंथ केला, शेण टाकलं. मामा सारखे "हां, आता काढा, आता काढा" करत होते. मी काढत नव्हतो.

तेवढ्यात पलीकडच्या घोड्यांच्या दावणीत हलगीच्या कडकडाटानं एक घोडा बिथरला. दोर तुटला की खुंटा उपटला कोण जाणे, पण तो सुटला. आरोळ्या उठल्या, माणसं दुतर्फा फुटली, सगळ्यांच्या माना तिकडं. मामांची तिकडं, गड्याची तिकडं. आणि वळवाचीही. त्यानं मान उचलली, कान पुढं घेतले आणि चारी पाय रोवून तसाच थिजला. माझा डोळा आधीपासून कॅमेऱ्याला होता. शटर सेकंदाच्या १/५०० वर होता, एकामागोमाग फ्रेम निघाल्या. वळवानं मान खाली घातली आणि मी मोनोपॉड काखेत मारून बाजूला झालो, कारण घोडा आमच्याच अंगानं येत होता. दहा हातांवर एका पथकानं व्हिडिओसाठी मांडलेला ट्रायपॉड त्या रेटारेटीत कॅमेऱ्यासकट आडवा झाला. घोडा पुढं दोघातिघांनी धरला. कुणाला लागलं नाही, खंडोबाची कृपा.

१/५०० का, हे सांगायला हवं. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा जुना हिशेब असा की २०० मिमी लेन्सला निदान १/२०० चा शटर पाहिजे. मोनोपॉडवर हा हिशेब खाली आणता येतो, दोन-तीन स्टॉपही (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट), म्हणजे १/५० किंवा १/२५ वरही फोटो टिकतो. पण ही सवलत फक्त माझ्या हाताच्या कंपाला. वळवानं कान झटकला तर त्याचं मोनोपॉडला काही देणंघेणं नाही, तिथं वेगवान शटरच लागतो. दुकानदार ही दुसरी बाजू सांगत नाहीत.

दुपारी कुस्त्यांच्या फडावर गेलो. कडं इतकं दाट की पुढच्या माणसाच्या फेट्यापलीकडं काही दिसेना. लेन्स बदलून रुंद दिसणारी २४ मिमी लावली, नळी पूर्ण लांब केली, टोक कंबरपट्ट्यात अडकवलं आणि कॅमेरा डोक्यावर उचलून मोबाईलवरून शटर दाबत राहिलो. या कामात मोनोपॉड स्थिर वगैरे काही करत नाही, तो नुसता उंच हात असतो. दोन फोटो बरे आले. बाकीच्यांत कुणाच्या तरी खांद्यावरचं लेकरूच जास्त दिसतं.

रात्री मामांच्या राहुटीशेजारी जागरण होतं. तिथं उजेड म्हणजे दिवटीचा, आणि पलीकडच्या राहुटीतून येणारा एका बल्बचा. फ्लॅश मारला असता तर दिवटीचा सगळा रंग मेला असता, शिवाय वाघ्यापुढं तसलं काही करणं मला बरंही वाटत नाही. एका पालाच्या खांबाशी पाठ टेकवून बसलो, नळी आखूड करून मांड्यांमधे धरली, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) ३२००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) २.८, शटर १/३०. श्वास अर्धा सोडून दाबायचं, आणि एक नाही, तीन-चार फ्रेम सलग. पहिल्या फ्रेमला बटण दाबल्याचा धक्का असतो, मधली बहुधा बरी निघते. लेन्समधली थरथर आवरणारी सोय मी चालूच ठेवतो. मोनोपॉड वर-खाली हालू देत नाही, पण डावी-उजवीकडचा डोल त्याच्यानं पुरता थांबत नाही.

ओळीच्या शेवटी वाघ्या क्षणभर थांबायचा, डोळे मिटून. तेव्हाचा एक फोटो असा आला की कपाळावरचा भंडारा दाण्यादाण्यानं मोजावा. दिमडीवरचा हात मात्र पुसट, नुसता पिवळा पट्टा. दिवसभरात मला आवडलेला फोटो हाच होता.

जागरण आटोपल्यावर वाघ्याबुवा चहाला बसले तेव्हा त्यांना तो दाखवला. त्यांनी मोबाईल दिवटीपुढं धरून बराच वेळ बघितला.

"हात कुटं गेला माजा?"

"हालत होता ना बुवा. चेहरा थांबला, हात थांबला नाही."

"मग त्यो दांडा कशाला लावला व्हता?"

"दांड्यानं कॅमेरा थांबतो. तुमी नाही."

"मग मी थांबतो की," म्हणत त्यांनी चहा खाली ठेवला, दिमडी घेतली आणि हात कातड्यावर टेकवून बसले. मी आयएसओ होता तोच ठेवून १/६० वर काढला. हात आला, पाची बोटं आली, अंगठीही आली. व्हॉट्सअ‍ॅपवर तो एकच फोटो पाठवायला सांगितला त्यांनी, आणि दुसरा पुसून टाका म्हणाले. तो मी काही पुसला नाही.