पाणसळ घेऊन सालार दे उयुनीवर

माझी सगळी नोकरी जमिनीची लेव्हल काढण्यात गेली. डोळा दुर्बिणीला, समोर स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, धरून उभा असलेला माणूस आणि हातात आकड्यांची वही. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीने विचारलं, "बाबा, कुठे जाऊ या?", तेव्हा माझं उत्तर तयार होतं. बोलिव्हिया. मला सालार दे उयुनी पाहायचं होतं, आणि जमलं तर थोडं मोजायचंही होतं.

सालार म्हणजे मिठाचं मैदान. उंची ३,६५६ मीटर, विस्तार दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलो. पावसाळा नुकताच संपला होता, त्यामुळे काही भाग कोरडा पांढरा आणि काही भागावर अजून पाणी होतं. कोल्चानी गावाजवळ लोक मीठ खरवडून छोटे छोटे ढीग घालतात, ओल निथळून जावी म्हणून. ते ढीग मागे पडले आणि नजर अडेल असं काही उरलंच नाही.

कोरड्या भागात जीप थांबल्यावर मी पिशवीतून पाणसळ, म्हणजे बुडबुड्याने सपाटी दाखवणारी पट्टी, काढली आणि मिठावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. शंभर पावलं चालून पुन्हा ठेवली. तसाच. वीतभर लांबीच्या पाणसळीला एवढ्या मैदानाचा चढउतार कळत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरीही मी चार ठिकाणी ठेवून पाहिली. राहवलं नाही.

खरी मोजणी २००२ साली झाली. शास्त्रज्ञ एड्रियन बोर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीवर जीपीएस बसवून या मिठावर आडव्या-उभ्या फेऱ्या मारल्या. सुमारे पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात एकूण चढउतार निघाला ८० सेंटीमीटर. माझ्या कमरेएवढासुद्धा नाही! त्यातही जे लांबवर पसरलेले हलके उंचवटे सापडले, त्यांचा संबंध तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या बारीक फरकांशी लागला. बर्फाची उंची मोजणाऱ्या उपग्रहाचा लेसर नीट मोजतो का, हे तपासायला हीच जमीन वापरली गेली. आम्ही कामाला सुरुवात करताना बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की ठाऊक असलेली खूण, शोधायचो. इथे अख्खं मैदानच बेंचमार्क.

हे असं राहतं कसं? एकदा सपाट झालेली जमीन सपाटच राहते, असं नसतं. वारा असतो, ऊन असतं, मीठ फुगतं. पण दरवर्षी पावसाचं पाणी येऊन पसरतं, वर आलेलं मीठ विरघळवतं आणि आटताना खोलगट जागी थर सोडून जातं. हिमयुगाच्या अखेरीस इथलं प्रचंड सरोवर आटलं, तेव्हापासून पाणी हेच काम करत आलं आहे. पाण्यापेक्षा अचूक लेव्हल कोण काढणार? पाणसळीतसुद्धा शेवटी द्रवच असतो.

एक गोष्ट मात्र मुलीला दोनदा समजवावी लागली. लेव्हल आणि सरळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मैदान पृथ्वीबरोबर वाकलेलं आहे. इथून अगदी सरळ आडवी रेघ मारली, तर पन्नास किलोमीटरवर ती मिठाच्या जवळजवळ २०० मीटर वर असेल. उभ्या माणसाचं क्षितिज इथे जेमतेम साडेचार किलोमीटर. तिने उत्तरेकडे तुनुपाच्या डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याचा पायथा दिसत नाही तो यामुळे?" यामुळे, आणि थोडा तापलेल्या हवेच्या भासामुळेही. इथल्या आयमारा लोकांच्या कथेत तुनुपा ही स्त्री आहे. नवरा सोडून गेल्यावर तिचे अश्रू आणि दूध मिसळून हे मैदान झालं, असं ते सांगतात. ड्रायव्हरने ही गोष्ट गाडी थांबवून सांगितली, चालवता चालवता नाही, हे मला फार आवडलं.

कोरड्या मिठावर षटकोनी चौकटी असतात, मीटर-दोन मीटरच्या, फरशी बसवल्यासारख्या. मला त्या सुकलेल्या चिखलाच्या भेगांसारख्या वाटल्या होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळं कारण दाखवलं. मिठाखालच्या ओल्या थरात खारं, जड पाणी चौकटीच्या कडांखाली खाली उतरतं आणि त्यामानाने कमी खारं पाणी मधून वर येतं. कडांवर मीठ जास्त साचतं आणि वरंबे उठतात. पायाखाली मंद गतीने पाणी फिरतंय, हे कळल्यावर मी त्या वरंब्यांवर पाय द्यायचं टाळू लागलो.

दक्षिणेचा फेरा आधीच झाला होता. लागुना कोलोरादा हे सरोवर सूक्ष्म शैवालामुळे विटकरी लाल दिसतं. १९५०च्या दशकापर्यंत नामशेष समजले गेलेले जेम्स फ्लेमिंगो तिथे चोच बुडवून निवांत चरत होते. सोल दे मान्याना इथे करडा चिखल पिठल्यासारखा रटरटतो. दोन्ही सुंदर. पण माझं मन उत्तरेला लागलेलं होतं.

शेवटची संध्याकाळ पाण्याच्या भागात काढली. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मी स्टीलची पट्टी पाण्यात उभी धरू लागलो. ड्रायव्हर हसून म्हणाला, "वारा पडू दे, आत्ता पाणी एका बाजूला ढकललं गेलंय." अगदी बरोबर. लाटांवर लेव्हल घेत नाहीत, हे मीच शिकाऊ पोरांना सांगत असे.

आम्ही थांबलो. सूर्य टेकला तसा वारा पडला आणि आभाळ खाली उतरून पायाशी आलं. पाण्याच्या खोलीचं एक वाचन घेतलं. जीप दोन किलोमीटर पुढे नेऊन दुसरं, आणखी दोन किलोमीटरवर तिसरं. मुलगी मोबाइलचा उजेड धरून होती. वहीत लिहिलं: ३१ मिमी, ३२ मिमी, ३१ मिमी.